परदेशी आयपीस, चार वाटा आणि कस्टमचा हिशेब

माझी आठ इंची दुर्बीण कोथरूडच्या गच्चीवर उभी असते. तिच्यातून गुरूचे पट्टे दिसतात. समोरच्या सोसायटीचे एलईडी दिवे त्याहून ठसठशीत दिसतात. दिव्यांवर उपाय म्हणजे वेल्ह्याकडे गाडी काढणे. पट्ट्यांवर उपाय म्हणजे चांगला आयपीस (दुर्बिणीला डोळा लावतो ते भिंग), आणि मला हवा होता तो अमेरिकेतल्या एका दुकानाच्या साइटवर १५० डॉलरला पडून होता.

या नादात पुण्यात सोबत्यांची वाण नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ पासून आहे. पण चार हौशी मंडळींना "कस्टम किती लागलं?" म्हणून विचारा, चार उत्तरं येतात. एक म्हणतो काहीच नाही. दुसरा म्हणतो निम्मी किंमत. तिसऱ्याचं पार्सल दीड महिना मुंबईतच बसून होतं. चौथा म्हणतो, "मागवतोस कशाला? डिसेंबरात भाचा येतोय की." चौघंही खरं बोलत असतात. वस्तू तीच असली तरी ती कोणत्या वाटेने आली आणि तिचे कागद कोणी भरले, यावर आकडा फिरतो. म्हणून मी एकच आयपीस चारही वाटांना लावून पाहिला. तुमचं फाउंटन पेन असेल, गिटारचं पेडल असेल, कॉफीचं ग्राइंडर असेल, रीत तीच.

कर कशावर बसतो

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. कस्टम ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते. या बेरजेला कस्टमचे लोक असेसेबल व्हॅल्यू म्हणतात. तिच्यावर मूळ कस्टम ड्यूटी. त्या ड्यूटीवर (किमतीवर नव्हे) १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. मग या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे करावरही कर.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये, मूळ ड्यूटी १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरतो. तुमच्या वस्तूला तिच्या एचएसएन कोडप्रमाणे (वस्तूंच्या वर्गवारीचा क्रमांक) वेगळे दर लागले, तर ते त्या जागी घाला.

आयपीस: १३,५०० रुपये
वाहतूक: ४० डॉलर, म्हणजे ३,६००, पण हिशेबात २,७००
विमा: १५२
असेसेबल व्हॅल्यू: १६,३५२
मूळ ड्यूटी: १,६३५
सरचार्ज: १६४
आयजीएसटी: ३,२६७
एकूण कर: ५,०६६

वाहतूक ३,६०० ची २,७०० कशी झाली? मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांत अशी तरतूद आहे की माल विमानाने आला तर वाहतुकीचा खर्च मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. हलकी, महाग वस्तू मागवणाऱ्याला या २० टक्क्यांचा उपयोग नाही. जड आणि स्वस्त वस्तू मागवणाऱ्याने मात्र हा नियम पाठ करून ठेवावा.

बरेच जण करावरचा कर धरून होणारे ३१ टक्के सरळ १३,५०० वर काढतात आणि ४,२०० च्या आसपास कर धरून बसतात. प्रत्यक्षात जवळजवळ नऊशे रुपये जास्त जातात, आणि मग "कस्टमवाल्यांनी लुबाडलं" अशी बोंब होते.

नेटवर शोधलंत तर ७७.२८ टक्के हा आकडा हमखास भेटेल. तो खोटा नाही, शिळा आहे. वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने येणाऱ्या वस्तूंना कस्टमच्या दरपत्रकात स्वतंत्र सदर आहे. तिथे मूळ ड्यूटी ३५ टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के होता, तेव्हा सरचार्जसकट बेरीज तेवढी व्हायची. त्या दराने माझ्या आयपीसवर १२,६३७ रुपये कर बसला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा २८ चे १८ झाले, आणि मूळ दर मधे ३५ वरून २० वर आला होता, तो २०२६ च्या अर्थसंकल्पात १० वर आणायची घोषणा झाली. तेव्हा कोणाचाही अनुभव वाचताना आधी त्याची तारीख बघा.

पहिली वाट: पोस्ट

परदेशी टपालाने आलेलं पाकीट मुंबईला बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनासारख्या परदेशी टपाल कार्यालयातून सुटतं आणि मग आपल्या पोस्टमनच्या हाती येतं. पाकिटावर हिरवी सीएन २२ चिठ्ठी असते. आत काय आहे आणि किंमत किती, हे पाठवणाऱ्याने त्यावर लिहिलेलं असतं. कर लागला तर पोस्टमन दारात पैसे घेऊन पावती देतो.

ही वाट स्वस्त आहे, कारण मधे कुरिअरवाल्यासारखी फी घेणारं कोणी नाही. कर १०० रुपयांपर्यंतच होत असेल तर कायद्याप्रमाणे तो वसूलच करत नाहीत. "काहीच लागलं नाही" म्हणणारे बरेचसे इथले. पण तुम्ही काहीच हलवू शकत नाही. किंमत अधिकाऱ्याला पटली नाही तर तो आपल्या अंदाजाने लावतो, आणि त्याला बिल दाखवायला तुम्ही तिथे नसता. माझं एक ६० डॉलरचं फिल्टर असंच आलं होतं. बिल डब्याच्या आत, चिठ्ठीवर नुसतं "ऑप्टिकल पार्ट" आणि किंमत मोघम. पाच आठवडे लागले, आणि कर माझ्या हिशेबापेक्षा बराच जास्त. तेव्हापासून विक्रेत्याला सांगतो, बिलाची एक प्रत बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खिशात घाल.

दोन-तीन हजारांच्या, हरवलं तरी झोप उडणार नाही अशा वस्तूंना पोस्ट उत्तम. आयपीस मी पोस्टाने मागवणार नाही.

दुसरी वाट: कुरिअर

मी घेतली ती ही. पार्सल अमेरिकेतून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी केवायसीचा मेल येतो. आधार किंवा पॅन चढवायचं. तो मेल फसवणुकीचा समजून सोडून देणारे आणि मग "पार्सल अडकलं" म्हणणारे पुष्कळ आहेत. मात्र मेलमधल्या लिंकवर टिचकी मारण्याऐवजी कंपनीच्या साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून खात्री करावी. फसवणारेही हाच मेल पाठवतात.

पुढे कुरिअरवाला तुमच्या वतीने बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा तपशील) भरतो, कर आगाऊ भरतो आणि तुमच्याकडून वसूल करतो. या आगाऊ भरण्याची फी, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. माझे ५९० रुपये गेले. वस्तू स्वस्त असली तरी फी सहसा तीच, म्हणून लहान वस्तूला कुरिअर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्या, देतात. तीत एचएसएन कोड, असेसेबल व्हॅल्यू आणि कस्टमचा विनिमय दर बघा. तो दर तुमच्या कार्डाच्या दरापेक्षा वेगळा असतो. माझ्या प्रतीत वाहतूक पूर्ण ३,६०० धरली होती. मी नियम दाखवून मेल केला. उत्तर आलं, आता भरून झालंय, दुरुस्तीला वेगळी प्रक्रिया आहे. फरक होता २७९ रुपयांचा. तीन मेल लिहिले, चौथा बायकोने लिहू दिला नाही.

सगळं धरून: वस्तू आणि वाहतूक १७,१००, कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ७०६, कर ५,०६६ (माझ्याकडून २७९ जास्त गेले, ते सोडा), फी ५९०. बेरीज २३,४६२. दहा दिवसांत घरात.

याच वाटेचा एक सोपा प्रकार म्हणजे कर आधीच कापून घेणारी साइट. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकी साइटवर 'इम्पोर्ट फी डिपॉझिट' म्हणून रक्कम ऑर्डरच्या वेळीच घेतात, आणि प्रत्यक्ष कर कमी निघाला तर फरक परत देतात. पहिल्यांदाच मागवणाऱ्याला मी हेच सुचवेन. हौशी वस्तूंची छोटी दुकानं ही सोय क्वचितच देतात, तिथे ऑर्डरआधी एकच प्रश्न विचारायचा: कर तुम्ही भरता की मी?

तिसरी वाट: भाचा

हिशेबात हिला तोड नाही. २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांप्रमाणे विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला किंवा भारतीय वंशाच्या पर्यटकाला ७५,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आणता येतं. आधी ही मर्यादा ५०,००० होती. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप त्याशिवाय. १३,५०० चा आयपीस त्यात आरामात बसतो. तिथला सेल्स टॅक्स तेवढा द्यावा लागतो, तो राज्याप्रमाणे बदलतो.

पण मर्यादा माणशी आहे. नवरा-बायकोची मिळून दीड लाखाची एक वस्तू चालत नाही. शिवाय त्या ७५,००० मध्ये तुमचा आयपीस एकटा नसतो. आत्याचं घड्याळ, चुलतभावाचे बूट आणि कोणाचा तरी फोन असतो. आपण म्हणतो "छोटीशी तर वस्तू आहे", आणि विमानतळावर उत्तर देत उभा राहतो तो पोरगा. सपाट टीव्ही तर या सवलतीत मुळात बसतच नाही, तेवढं त्याच्या गळ्यात मारू नका.

चौथी वाट: इथला विक्रेता

त्याच आयपीसचा भाव देशातल्या एका आयातदाराने २४,५०० सांगितला, जीएसटी धरून. कुरिअरपेक्षा हजारभर जास्त. मी तेव्हा तेवढ्यासाठी परदेशातून मागवला आणि आज तसं करणार नाही.

कारण वॉरंटी. दोन महिन्यांनी आयपीसच्या आत धुळीचा कण दिसला. परदेशी दुकान म्हणालं, पाठवा, बदलून देतो. पाठवायचा खर्च माझा. भरलेली ड्यूटी सहजासहजी परत मिळत नाही. परत येणाऱ्या डब्यावर पुन्हा कस्टम. दुरुस्त होऊन येणाऱ्या मालाला दुरुस्तीचा खर्च आणि दोन्हीकडची वाहतूक व विमा एवढ्यावरच कर लावायची सवलत आहे, पण त्यासाठी पाठवतानाच निर्यातीचे कागद नीट झालेले हवेत. घरून एक डबा पाठवणारा माणूस ते कुठून करणार? तो कण अजून आत आहे. चंद्र बघताना दिसतो. इथल्या विक्रेत्याला मी बिल दाखवून डबा परत केला असता.

तेव्हा फरक दहा टक्क्यांच्या आत असेल आणि वस्तू बिघडू शकणारी असेल तर इथलाच विक्रेता. फरक पंचवीस-तीस टक्क्यांचा असेल, किंवा वस्तू इथे मिळतच नसेल, तर कुरिअर. पुस्तकांचं गणित वेगळं: छापील पुस्तकांवर आयजीएसटी नाही, आणि २०१९ पासून मूळ ड्यूटी ५ टक्के आहे. अप्पा बळवंत चौकात न मिळणारं पुस्तक कराच्या भीतीने अडवून ठेवू नका, वाहतूकच महाग पडते.

गिफ्ट लिहून चालत नाही

"विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांग" हा सल्ला अजून फिरतो. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट होती. तिच्या आडून साइट्सवरचा मालही भेट म्हणून यायला लागला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. आता उरल्या जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतचा खाऊसुद्धा नाही. बाकी भेट पूर्ण कर भरूनच. किंमत कमी लिहून घेणं त्याहून वाईट. माल जप्त होऊ शकतो, दंड होऊ शकतो, आणि वाटेत हरवला तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच.

काही वस्तूंना करापेक्षा बंदी आडवी येते. ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, ई-सिगारेट नाहीच. लॅपटॉप एक मागवता येतो, कर भरून. बियाणं आणि रोपं परवान्याशिवाय नाहीत. वैयक्तिक वस्तूला आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा सरकारी) नंबर लागत नाही. स्टुडिओ किंवा व्यवसायासाठी मागवत असाल तर तो काढा आणि बिल ऑफ एंट्रीवर जीएसटी नंबर घालून घ्या, म्हणजे आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल.

माझं सध्या एक बार्लो लेन्स (आयपीसमधलं चित्र आणखी मोठं करणारं भिंग) ठरलंय. इथे मिळत नाही, बिघडण्यासारखं त्यात काही नाही आणि वजन दोनशे ग्रॅमही नाही. भाच्याला सांगून झालंय: बॅरल, म्हणजे दुर्बिणीत बसणारी नळी, सव्वा इंची, दोन इंची नव्हे, आणि बिल बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पाकिटात ठेव. त्याने विचारलं, आत्याचं घड्याळ किती रुपयांचं आहे ते कोण सांगणार? आत्याला फोन करायचा राहिलाय.