अंबाझरीचा काठ की घरातली सायकल?

हृदयविकाराचा झटका आणि अँजिओप्लास्टी यांतून सावरलेल्या नागपूरकराला डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिली, की अंबाझरी तलावाच्या काठाने चालावे की घरात स्थिर सायकल चालवावी, हा प्रश्न उभा राहतो. चालण्याला खर्च नाही, सोबत मिळते आणि मनावरचे मळभही उतरते. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागल्याने हृदयाचे काम वाढते, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी कमी होऊन रक्तदाब उतरण्याचा धोका असतो. डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून तेव्हा ऊन वर आल्यावरच निघणे बरे.

सायकल कूलरसमोर ठेवली की ऋतूची अडचण उरत नाही, भार झेपेल तेवढाच ठेवता येतो आणि घरचे माणूस हाकेवर असते. कंटाळा मात्र येतो, आणि पडद्यावरच्या नाडीच्या आकड्याकडे सारखे पाहण्याची खोडही लागते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधामुळेच संथ असल्याने, व्यायाम करताना धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहणे अधिक भरवशाचे.

माझा कौल उन्हाळ्यात सायकलीला, एरवी चालण्याला. दोन्हींत सुरुवातीची व शेवटची पाच-दहा मिनिटे संथ असावीत, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी सदऱ्याच्या खिशात असावी, आणि छातीत दडपण आल्यास तत्काळ थांबून ती बसूनच घ्यावी व पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.