किलोतोआ की सांता क्रूझ : चालणंही हवं आणि बाजारही

अँडीजसाठी हातात आठ-दहा दिवस आहेत. मोठी मोहीम करायची नाही, पण पाय मोकळे होईपर्यंत चालायचं आहे आणि गावच्या बाजारात मनसोक्त फिरायचं आहे. अशा वेळी बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते : पेरूमधल्या वारास शहराजवळचा सांता क्रूझ ट्रेक आणि इक्वादोरमधली किलोतोआची फेरी. दोन्ही केल्यावर माझा कल एका बाजूला आहे. तो का, हे सांगतो. तुमची गरज वेगळी असू शकते.

निव्वळ डोंगर म्हणून बघाल तर बरोबरी नाही. सांता क्रूझची पुंता उनियोन खिंड ४,७५० मीटरवर आहे आणि ती ओलांडताना ताउलिराहू शिखराची बर्फाची भिंत अगदी अंगावर येते. किलोतोआच्या वाटेवर बर्फ नाही. तिथे शेतं, तोआची नदीची खोल घळ आणि ज्वालामुखीच्या सुमारे तीन किलोमीटर रुंदीच्या विवरातलं हिरवं तळं आहे. फक्त हिमशिखरांसाठी जाणार असाल तर विचार करत बसू नका, मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत सरळ वारास गाठा.

प्रश्न बाजाराचा आला की चित्र बदलतं.

वारासचा मुख्य बाजार रोज भरतो, आणि उत्तरेला कार्हुआज गावात रविवारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं उतरतात. माल उत्तम. किविचा म्हणजे आपला राजगिराच. त्याच्या लाह्या पोत्याने विकायला असतात. चोचो नावाचे पांढरे दाणे लिंबू, कांदा, टोमॅटो, मिरची घालून देतात, शाकाहारी माणसाला यासारखं खाणं नाही. हे दाणे मुळात कडू असतात, उकडून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवले की कडवटपणा जातो. चव घेताना जिभेला किंचितही कडू लागले तर घेऊ नका.

पण हा बाजार ट्रेकच्या आधीचा. तिथे घेतलेलं सगळं पाठीवर जातं. चार दिवस, सुमारे पन्नास किलोमीटर, आणि मुक्कामाला छप्पर नाही. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, गॅस आणि माणशी रोजचा सहाशे-सातशे ग्रॅम शिधा धरला की सॅक चौदा किलोच्या आसपास जाते. गाढव आणि गाढववाला मिळतो, मात्र त्याच्या जेवणाचे आणि परतीच्या दिवसाचेही पैसे द्यावे लागतात. दोघांच्या गटाला ते जड जातं.

माझं मत फिरवलं ते ओझ्याने नव्हे, स्वयंपाकाने. सांता क्रूझवरचा ताउलिपाम्पाचा तळ साधारण ४,२५० मीटरवर आहे. तिथे पाणी ८६ अंशांच्या जवळपास उकळतं. त्यामुळे डाळ शिजतच नाही, भाताची कणी राहते, आणि झाकण ठेवून वाट बघण्यात गॅस संपतो. पहाटे गारठलेल्या डब्याचा दाब पडून ज्योत मिणमिणते. डबा रात्री झोपायच्या पिशवीत घेतला तरच सकाळचा चहा वेळेवर होतो. दरीभर गुरं चरतात, म्हणून प्यायचं पाणीही गाळून किंवा उकळून घ्यावं लागतं, म्हणजे पुन्हा गॅस. तरीही जाणार असाल तर बाजारातून अख्खी किनुआ घेऊ नका, तिचे पोहे घ्या. दोन-तीन मिनिटांत होतात. सुरुवात वाकेरियाच्या टोकाकडून करा. दुसऱ्या टोकाच्या काशापाम्पाकडून निघालात तर जवळजवळ आठशे मीटर जास्त चढावे लागतात.

किलोतोआला ही कटकटच नाही. वाटेवरच्या इसिनलिवी आणि चुगचिलान या गावांतल्या मुक्कामांवर राहण्याच्या पैशांतच सहसा रात्रीचं जेवण आणि न्याहारी येते. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा. मोठी सॅक जवळच्या लाताकुंगा शहरात ठेवली की पाठीवर सहा-सात किलो उरतात. सह्याद्रीत गावात जेवून पुढे निघण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत लगेच मानवते.

इथली अडचण वारांची आहे. साकिसिलीचा बाजार गुरुवारी, सुंबाहुआचा शनिवारी. बहुतेकजण वाटेच्या दुसऱ्या टोकाच्या सिगचोसकडून किलोतोआकडे चालतात. साकिसिली करून तसे निघालात तर सुंबाहुआचा शनिवार हुकतो. म्हणून उलटं चाला. गुरुवारी साकिसिली : जनावरांचा बाजार गावाबाहेर भरतो आणि सकाळी लवकरच आटोपतो, तेव्हा साडेसहा-सातला तिथे असा. मग गावातले चौक बघा. एका चौकात धान्य, दुसऱ्यात दोर आणि टोपल्या, असं प्रत्येकाचं वेगळं. शुक्रवारीही मुक्काम लाताकुंगालाच ठेवा, २,८०० मीटरवर शरीर रुळतं. शनिवारी पहाटेच्या बसने सुंबाहुआ, दहापर्यंत बाजार, तिथून पिकअपने किलोतोआ, आणि अकराच्या आत चालायला सुरुवात. त्यामुळे रात्री विवराच्या ३,९०० मीटरच्या धारेवर न झोपता ३,२०० मीटरवरच्या चुगचिलानला झोपता, डोकं दुखत नाही.

चूक होते ती धारेवर. ग्वायामा गावाकडे उतरणारी वाट येण्याआधीच माणसं भलत्या वाळूच्या खाचेतून खाली उतरतात. दुपारी धुकं चढलं की खरी वाट दिसतही नाही. ऑफलाइन नकाशा हवाच, कारण रंगाच्या खुणा मुख्यतः समोरून येणाऱ्यांसाठी काढलेल्या आहेत. ग्वायामानंतर आणखी एक घळ उतरून चढावी लागते. दमसास तिच्यासाठी राखा. वस्त्यांजवळ कुत्री अंगावर येतात, पळू नका. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं की बहुतेक मागे हटतात.

पैशांचं म्हणाल तर इक्वादोरमध्ये २००० पासून अमेरिकन डॉलरच चालतो, पण बाजारात वीसच्या नोटेला मोड मिळत नाही. एकच्या नोटा आणि नाणी लाताकुंगालाच जमवा. सुंबाहुआत तिग्वा भागातली मेंढीच्या कातड्यावरची चित्रं दिसतील. ती लाकडी चौकटीवर ताणलेली असतात आणि सॅकमध्ये मोडतात, तेव्हा तळहाताएवढंच घ्या.

साकिसिलीतून मात्र अर्धा किलो माचिका आणि एक पानेला घ्याच. माचिका म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, पानेला म्हणजे गूळ. वाटेत थांबाल तिथे गूळ किसून पिठात मिसळा, गार पाणी घालून कालवा. स्टोव्ह लागत नाही.