क्रमांक खरा, पत्र खोटं: जुनी विंचेस्टर घेताना झालेली फसवणूक

अमेरिकेत राहून जुन्या शिकारी रायफली जमवणारी मराठी माणसं फार नाहीत, पण आहेत, आणि नव्यानं नादाला लागणारे अधूनमधून विचारत असतात की सुरुवात कुठून करावी. सुरुवात कुठूनही करा. पण साडेसहा हजार डॉलर माझ्या खिशातून ज्या वाटेनं गेले, ती वाट आधी बघून ठेवा.

मी पेनसिल्व्हेनियात असतो. इथं हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, त्यामुळे लिव्हर-ॲक्शनचं प्रस्थ अजून टिकून आहे. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. दाट झाडीत नेम शंभर यार्डांच्या आतच लागतो, तिथं याहून जास्त काही लागत नाही. आमच्याकडे कुडाळला आजोबांची पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू ठासून होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असायचं, म्हणून या यंत्राचं मला अप्रूप जरा जास्तच.

तुलना करायची तर तीन नावं शेजारी ठेवावी लागतात. विंचेस्टर कंपनीचं १८९४ मॉडेल जॉन ब्राउनिंग या बंदूक-रचनाकारानं आखलेलं, आणि १८९५ पासून त्यात थर्टी-थर्टी हे धूररहित दारूचं काडतूस आलं. अंगानं सडपातळ, हातात घेतली की तोल नेमका रिसीव्हरपाशी, म्हणजे नळी आणि दस्ता जिथं जोडले जातात त्या मधल्या धातूच्या भागापाशी. पण जुन्या रायफलींत रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून दुर्बीण मधोमध बसवता येत नाही. मार्लिनचा माथा बंद आणि काडतूस बाजूनं बाहेर पडतं. पावसात आणि काटक्या-पाचोळ्यात मला तीच बरी वाटते, दुर्बीणही सरळ बसते. तिसरी सॅव्हेज ९९. जमैकात जन्मलेल्या आर्थर सॅव्हेजची ही रायफल न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात बनायची. बाकी दोघींत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात (तेच त्यांचं मॅगझिन) एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, म्हणून गोळ्या बोथट किंवा लवचीक टोकाच्याच लागतात. सॅव्हेजमध्ये पितळी फिरतं मॅगझिन असल्यामुळे टोकदार गोळी चालते. जुन्या सॅव्हेजच्या डाव्या अंगाला छोटी खिडकी असते, तिच्यात किती काडतुसं उरली ते दिसतं. माझ्या मते तिघींत हुशार तीच. तरीही पैसा जातो तो विंचेस्टरवर.

त्याला कारण आहे. साधी १९६४ पूर्वीची थर्टी-थर्टी कार्बाइन (आखूड नळीची रायफल) हजार डॉलरच्या आसपास मिळून जाते. (१९६४ मध्ये कारखान्यानं खर्च वाचवायला घडीव भागांऐवजी पत्र्याचे ठोकलेले भाग घातले, तेव्हापासून संग्राहक रेघ तिथंच ओढतात.) पण एकोणिसाव्या शतकात विंचेस्टर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे रायफल बनवून देत असे: अष्टकोनी नळी, अर्ध्या लांबीचं मॅगझिन, नक्षीच्या जाळीचा उंची अक्रोडाचा दस्ता. अशी खास मागणीची रायफल साध्या रायफलीच्या कितीतरी पट किमतीला जाते. आणि ती तशीच कारखान्यातून निघाली होती हे सिद्ध करायला एकच कागद चालतो. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफेलो बिल सेंटरमध्ये विंचेस्टरची जुनी खातेबुकं जपलेली आहेत. रायफलीचा क्रमांक कळवून शुल्क भरलं की त्यातली नोंद पत्रावर मिळते: कोणतं काडतूस, नळी गोल की अष्टकोनी, चाप कसला, कारखान्यातून कधी निघाली. १८९४ मॉडेलच्या फक्त पहिल्या ३,५३,९९९ क्रमांकांच्याच नोंदी तिथं आहेत.

मी घेतली ती रायफल एका साइटवरच्या जाहिरातीतली, १८९७ ची. .३८-५५ काडतुसाची, अष्टकोनी नळी, अर्धं मॅगझिन, जाळीचा दस्ता. सोबत कोडीचं पत्र, त्यावर अगदी हेच वर्णन. विक्रेता दुसऱ्या राज्यातला, बोलायला गोड, आजोबांचा संग्रह नाइलाजानं मोडतोय म्हणणारा. फोटो भरपूर पाठवले, फक्त नळी रिसीव्हरला मिळते तिथला जवळून घेतलेला फोटो त्यात नव्हता. क्रमांक मी तपासला. वर्षाशी जुळला. जुळणारच, क्रमांक खराच होता.

आता सौद्याची मेख. १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल 'अँटीक' धरली जाते. ती परवानाधारक दुकानदारामार्फत यावी लागत नाही, टपालानं थेट घरी येते. (राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो आपापला पाहावा.) एरवी दुसऱ्या राज्यातून रायफल घ्यायची तर ती आधी जवळच्या दुकानात उतरते आणि तिथला अनुभवी माणूस सही करण्याआधी सहज नजर टाकतो. अँटीकमध्ये तो माणूसच गळतो. विक्रेत्याला पैसे पोस्टाच्या मनी ऑर्डरनं हवे होते. तीन दिवसांत परत घेण्याची हमी होती, पण ते दिवस मोजायचे त्यानं पार्सल टाकल्या तारखेपासून, हे बारीक अक्षरांत.

रायफल आली, दिसायला देखणी. जास्तच देखणी. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एक निवृत्त बंदूक-कारागीर येतात, त्यांनी भिंग लावलं आणि पाचच मिनिटांत नळीच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं लंबगोलात डब्ल्यू-पी ही अक्षरं ठोकलेली होती. ही चाचणीची खूण विंचेस्टरनं १९०५ च्या जुलैपासून मारायला सुरुवात केली. १८९७ मध्ये निघालेल्या रायफलीच्या नळीवर ती मूळची असूच शकत नाही. रिसीव्हरवर ती खूण नव्हती. म्हणजे रिसीव्हर एकीचा, नळी दुसरीची.

मग त्यांनी बाकीचंही दाखवलं. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. इथं ते घासून धातूच्या खाली गेलेलं. रिसीव्हरच्या कडा गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, म्हणजे पॉलिश करून नवा निळा रंग चढवलेला. दस्त्यावरची जाळी बोटाला टोचत होती. सव्वाशे वर्षं हाताळलेलं लाकूड टोचत नाही.

त्या रात्री मी तोच क्रमांक कोडीला स्वतः कळवला. उत्तर आलं: थर्टी-थर्टी काडतूस, गोल नळी, साधा चाप. अष्टकोनी नळी नाही, अर्धं मॅगझिन नाही. विक्रेत्याच्या पत्रावरचा क्रमांक आणि रवानगीची तारीख खरी, मधल्या ओळी बदललेल्या. सगळी युक्ती एवढीच. कागद हातात असताना पुन्हा पैसे भरून तोच कागद कोण मागवतो? त्याचा धंदाच या हिशोबावर चालतो. म्हणून पत्र कितीही अस्सल दिसो, पैसे पाठवण्याआधी क्रमांक स्वतः कोडीला कळवा, आणि नळीच्या बुडाचा फोटो मागा. तो 'उद्या काढतो' म्हणाला, तर उद्यापर्यंत थांबा.

विक्रेत्याला दोन्ही पत्रं पाठवली. पहिलं उत्तर: रायफल मला मिळाली तशी दिली. दुसरं उत्तर: नळी तुम्हीच बदलली असेल, मुदतही संपली. तिसरं आलंच नाही. मनी ऑर्डर वटलेली होती, त्यामुळे पोस्टानं पैसे थांबवायचा प्रश्नच उरला नाही. व्यवहार टपालातून झाला असल्यामुळे पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार केली. तिथं टपालातल्या फसवणुकीचा तपास होतो. ज्या साइटवर जाहिरात होती त्यांनी त्याचं खातं बंद केलं. मला वाटतं तो एव्हाना दुसऱ्या नावानं परत आला असेल.

तसं वाटायला आधार आहे. रेंजवरच्या त्या कारागिरांनी ही हकिकत आपल्या ओळखीच्या संग्राहकांना सांगितली, तेव्हा ओहायोतल्या एकानं आपल्याकडच्या विंचेस्टर १८८६ मॉडेलचं पत्र काढून दाखवलं. विक्रेत्याचं नाव वेगळं, आजोबा तेच. आणि 'ऑक्टॅगन' या शब्दातली स्पेलिंगची चूक दोन्ही पत्रांत अक्षरशः सारखी. त्याचं पत्रही आता माझ्या तक्रारीला जोडलं आहे. तुमच्याकडे असं पत्र असेल तर ते काढून नीट वाचा आणि चूक तीच निघाली तर तुमचीही तक्रार नोंदवा.