विहारांची वास्तुकला पाहण्यासाठी: धाराशिव लेणी की अजिंठा?

प्राचीन बौद्ध विहारांची रचना पाहू इच्छिणाऱ्या सोलापूरकरापुढे दोन पर्याय असतात. धाराशिव लेणी सुमारे सत्तर किलोमीटरवर असल्याने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. अजिंठ्यासाठी मात्र किमान एक मुक्काम हवा, आणि सोमवारी तेथील लेणी बंद असतात.

धाराशिवचे दुसरे लेणे अजिंठ्यातील वाकाटककालीन (वाकाटक राजघराण्याच्या काळातील, पाचव्या शतकातील) विहारांच्या धर्तीवर कोरलेले असून, सुमारे ऐंशी फुटांचा चौरस मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि मागे गर्भगृह ही मांडणी तेथे स्पष्ट दिसते. खडक बराच झिजला आहे, कोरीव तपशील फारसा उरलेला नाही. परंतु गर्दी नसल्यामुळे आराखडा निवांतपणे समजून घेता येतो, आणि अभ्यासूला हे सुख मोठे वाटते.

अजिंठ्याचे बळ वेगळे आहे. तेथील बाराव्या लेण्यातील साधा मंडप आणि खोल्यांमधील दगडी शय्या पाहून मग पहिल्या लेण्यात गेले, की केवळ निवासासाठी कोरलेला विहार पाचव्या शतकापर्यंत नक्षीदार स्तंभांचे आणि बुद्धमूर्तीचे उपासनास्थान कसा झाला, हे एकाच डोंगरकड्यात उलगडते. सोळावे लेणे तर वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविल्याचे तेथील शिलालेखच सांगतो. चित्रांपुढे स्तंभ आणि छताकडे दुर्लक्ष होते, हे खरे; तरीही एकच प्रवास शक्य असेल, तर मी अजिंठाच सुचवीन. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असल्यास धाराशिवचा कमी पल्ला सोयीचा पडतो.