फोर्ज्ड इंजिनचे पैसे दिले, मिळालं जुनंच इंजिन धुऊन पुसून

माझ्या गाडीचं इंजिन ज्या गॅरेजवाल्याने बांधलं, परवा त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस बघितलं आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसलोय. चकचकीत एच-बीम रॉडचे (पिस्टनला जोडणारे मजबूत दांडे) चार नग, मागे कोपरा उडालेली हिरवी टाइल, आणि खाली 'कस्टमर बिल्ड चालू आहे'. हाच फोटो, हीच टाइल, मला मार्चमध्ये आली होती, 'पात्रांव (म्हणजे शेठ), तुमचे रॉड आले' म्हणून! नाव-गाव लिहीत नाही, पण गोव्यात गाड्या बनवायला टाकणारी पोरं बरीच आहेत, त्यांनी वाचाच.

माझी ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, २००५ची, १.८ टर्बो पेट्रोल. कव्हर घालून ठेवलेली हौसेची गाडी नाही, रोज फोंड्याहून वेर्ण्याला कामावर जाते, बोरीच्या पुलावर ट्रकच्या मागे रांगत. गेल्या डिसेंबरात ती तेल खायला लागली, हजार किलोमीटरला लिटरभर, आणि सकाळी स्टार्ट मारली की असा निळा धूर की शेजारची काकी खिडकी लावून घ्यायची.

आता इंजिनचं काय करायचं? बाहेरून आलेलं हाफ-कटचं (अर्ध्यात कापून आणलेल्या जुन्या गाडीचं) इंजिन स्वस्तात मिळत होतं, पण आतून ते कसं आहे देवाला ठाऊक, आणि ब्लॉकवरचा (इंजिनच्या मुख्य सांगाड्यावरचा) नंबर बदलला की आरसीत नोंद करून घ्या, नाही केली तर उद्या ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाला हात वर करणार. म्हणजे आपलंच इंजिन बांधायचं, एक तर कंपनीसारख्या साध्या पार्टांनी, नाहीतर फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले जास्त मजबूत, पिस्टन-रॉड घालून. खरं सांगू, मला साधंच पुरलं असतं. गाडी १५० हॉर्सपॉवरची, या इंजिनात खूप जास्त टॉर्क (ओढायची ताकद) मागितला की मग आधी रॉड वाकतात, पण तेवढा टॉर्क मी बोरी ते वेर्णा कुठे वापरणार होतो? वर फोर्ज्ड पिस्टन तापून जास्त फुगतो म्हणून बोअरमध्ये (पिस्टन फिरतो त्या नळीत) गॅप जास्त ठेवावी लागते, म्हणजे सकाळी थंड इंजिनला खडखड आलीच. हे सगळं मला माहीत होतं हो! पण 'उघडतोच आहे तर करून टाकू' ही खाज, आणि तो गॅरेजवाला म्हणाला, "टेन्शन घेव नाका पात्रांव, रोज चालवा, आणि पाहिजे तेव्हा अडीचशे हॉर्सपॉवर काढा." झालं, मी पाघळलो.

३ लाख ४० हजार ठरले. २ लाख यूपीआयने, बाकी डिलिव्हरीला कॅश. बिल म्हणून साध्या पॅडवर एक ओळ, 'इंजिन काम पूर्ण, ८१.५चे पिस्टन', म्हणजे मूळ ८१ मिलिमीटरपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे, बोअर कापून मोठा केल्याशिवाय न बसणारे. जीएसटी नाही, पार्ट नंबर नाही. जुने पिस्टन मागितले तर भंगारवाल्याला गेले म्हणे.

मे महिन्यात गाडी दिली तेव्हा त्याने माझ्यासमोर कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) काढून दाखवलं, चारही सिलिंडर ११ बार. मी खूश! पण गेज लावायच्या आधी त्याने प्लगच्या भोकातून पिचकारीने थोडं थोडं तेल मारलं होतं, विचारलं तर 'लुब्रिकेशनसाठी, नवीन आहे ना'. आता कळतं, तेल मारलं की झिजलेल्या रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते आणि आकडा वर जातो. नंतर कोरडं काढलं तेव्हा साडेसात, आठ, सहा, साडेसात. आणि आत ओतलं होतं २०डब्ल्यू-५०, घट्ट तेल, त्यामुळे आवाजही दबलेला आणि प्रेशरचा लाइटही गप्प, पहिला महिनाभर तरी.

जूनमध्ये मेरशीच्या सिग्नलला उभा होतो, इंजिन तापलेलं, एसी चालू, आणि तेलाचा लाल लाइट मिचमिच करायला लागला. तो म्हणाला सेन्सर. सेन्सर बदलला. आठ दिवसांनी परत तेच आणि निळा धूरही परत. मग फोन उचलायचा बंद झाला, मग 'चतुर्थीनंतर बघू', चतुर्थी होऊन गेली.

शेवटी आमच्या इथल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते काही बोलले नाहीत, खालचं चेंबर सोडवलं आणि तेल खेचायची जाळी माझ्या हातात दिली. निम्मी जाळी दिसतच नव्हती, करपलेल्या काकवीसारखा काळा थर बसलेला. या इंजिनात टर्बोच्या उष्णतेने तेल करपतं आणि पहिलं तिथेच साचतं, हे १.८ टर्बोवर हात फिरवलेल्या कुणालाही माहीत असतं, म्हणजे याने जाळीला हातसुद्धा लावला नव्हता. नवीन ऑइल पंपाचे पैसे मात्र घेतले होते. वर बघितलं तर कनेक्टिंग रॉड कंपनीचे, काळे, जुने. हेड काढून बोअर मोजला तर ८१.०२, म्हणजे मूळ ८१चाच, लेथ बघितलाच नाही त्याने. रिंगा नवीन होत्या, तेवढं खोटं बोलणार नाही, पण होनिंग (बोअरला बारीक चरे पाडणं) न करता काचेसारख्या गुळगुळीत बोअरमध्ये कोंबलेल्या, त्या बसणार कशा? बाकी हेड गॅस्केट, प्लग आणि वरच्या कव्हरला चंदेरी रंग.

बंद इंजिनच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, यावरच त्याचा सगळा धंदा. म्हणून कुठेही काम टाका, पण ब्लॉक बंद होताना तिथे उभे रहा, एक दिवस रजा गेली तरी चालेल. बोअर आणि बेरिंगची गॅप तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या, जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते) दुसऱ्याच गॅरेजात काढा, कोरडं. फोटोवर पैसे सोडू नका, पार्ट आले म्हणाला तर डब्यावरचा नंबर जाऊन बघा.

मी १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन केलाय, आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील म्हणाला यूपीआयचे २ लाख दाखवता येतील, कॅशचं अवघड आहे.

ब्लॉक आता बेळगावला उद्यमबागेत बोअरला गेलाय, पहिल्या साइजचे (मूळपेक्षा एक माप मोठे) साधे पिस्टन घालणार. शनिवारी चोर्ला घाटाने मी स्वतःच आणायला जाणार आहे, मोजताना बघायचंय. तोवर ऑफिसला भावाची ॲक्टिव्हा, आणि बोरीच्या पुलावर ट्रक आता माझ्या मागे असतात.