काळ्या मातीत युरिया किती खाली जातो हे पाहायचंय, तर सक्शन कप घ्यावा की ऑगर?

एम.एस्सी.च्या कामाला लागलेली पोरं हे नेहमी विचारतात. सक्शन कप म्हणजे जमिनीत पुरून व्हॅक्यूमनं मातीतलं पाणी ओढणारा सच्छिद्र सिरॅमिकचा कप, अन् ऑगर म्हणजे फिरवून खालची माती काढायचा गिरमिट. दोन्ही मी आमच्या भारी वावरात, कोरडवाहू पऱ्हाटीत (कपाशीत) वापरलेत म्हणून सांगतो, बाकी तुमची जमीन तुम्हालाच जास्त माहीत.

सक्शन कप कोणालाही आवडेल असाच आहे. एकदा बसवला की हंगामभर त्याच जागेचं पाणी मिळतं, संध्याकाळी हातपंपानं ६०-७० सेंटीबार व्हॅक्यूम द्यायचा अन् सकाळी पाणी काढायचं, माती उकरायची भानगडच नाही. युरियाचं मातीत नायट्रेट होतं अन् तेच पाण्यासोबत खाली जातं, त्या नायट्रेटसाठी चांगलाच. स्फुरदाचं काम असेल तर मात्र नाद करू नका, फॉस्फेट सिरॅमिकलाच चिकटून राहतं.

पण आपली माती ओली झाली की फुगते अन् वाळली की भेगाळते. ऑगस्टमधे पावसानं खंड दिला की कपाभोवतीची माती आकसते, कप अन् माती यांचा टच सुटतो, मग संध्याकाळी कितीही पंप मारा, सकाळी गेज शून्यावर अन् बाटली कोरडी. बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून ओतला, वरून बेंटोनाइटचा (फुगून फट बुजवणाऱ्या चिकणमातीचा) थर दिला, तरी तेच. बरं, खंडानंतर जो पहिला जोराचा पाऊस येतो तोच तर आपल्याला पाहायचा असतो, कारण तेव्हाच पाणी भेगांमधून सरळ खाली जातं अन् खत सोबत नेतं, आणि नेमका तेव्हाच कप बंद. समजा कप चालू राहिला तरी भेग त्याच्या जवळून गेली नसेल तर तो फक्त ढेकळाच्या आतलं पाणी ओढतो, आकडा कमी येतो अन् आपल्याला वाटतं खाली काही गेलंच नाही. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

ऑगर मेहनतीचा आहे. वाफसा नसेल तर माती त्याला अशी चिकटते की दर खेपेला खुरप्यानं खरडावी लागते, उन्हाळ्यात सब्बलीशिवाय सुरुवातच होत नाही. त्याच भोकात परत जाता येत नाही, अन् दोन हातांवर आकडा बदलतो, म्हणून एका प्लॉटात चार-पाच ठिकाणची माती एकत्र करावी लागते. पण माती हाती येतेच, खंड असो की झड. शिवाय हिशेब किलोत होतो, ३० सेंमीचा थर अन् घनता १.३ धरली तर १ पीपीएम (किलो मातीत १ मिग्रॅ) नायट्रेट-नत्र म्हणजे हेक्टरी ३.९ किलो. (घनता ओलीप्रमाणे बदलते, ती दर वेळी मोजाच.) कपातून लिटरमागे मिलिग्रॅम कळतात, किती पाणी खाली उतरलं हे वेगळं काढल्याशिवाय त्याचे किलो होत नाहीत. भेगेतून पार निघून गेलेलं खत ऑगरलाही सापडत नाही हे मान्य, पण निदान कोणत्या थरातून किती कमी झालं ते तरी दिसतं.

संत्र्याच्या बागेत ठिबकवर ओल टिकून राहते, तिथं कप चालेल असं मला वाटतं. विहिरीच्या पाण्याची काळजी असेल तरीही कप बरा, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची लिटरला ४५ मिग्रॅची मर्यादा आहे, तिच्याशी सरळ ताडता येतं. खारपाण पट्ट्यातले असाल तर कप घ्या की ऑगर, ट्रेसर म्हणून (पाणी कुठवर गेलं ते कळावं म्हणून टाकायची खूण) क्लोराइड नको, ते जमिनीतच इतकं असतं की आपण टाकलेलं कोणतं ते कळत नाही, ब्रोमाइड घ्या.

ऑगर घेतला तर पहिला सेट पेरणीआधीच काढून ठेवा. माती वाळवत बसू नका, ओलीच बर्फाच्या डब्यात घालून लवकरात लवकर २ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधे हलवायला लावा, नाहीतर वाटेतच नायट्रेट बदलतं. अन् भोक उघडं सोडू नका, त्याच मातीनं ठोकून भरा आणि बाजूला खुंटी ठोका, नाहीतर पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच खाली उतरेल आणि शेजारचा नमुना बिघडेल.