अडीचच्या वायरचे बंडल आणि बिलावरचे 24

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. गेल्या ऑक्टोबरात एका नामांकित कंपनीच्या वायरचे 65 बंडल मी अधिकृत वितरकाऐवजी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून मागवले आणि त्यात माझे 1,47,860 रुपये बुडाले. हे लिहिताना लाज वाटते. पण तो माणूस आजही आमच्या भागातल्या दुकानदारांना दरपत्रक पाठवतो आहे, म्हणून लिहितो.

अधिकृत डीलरशिपची अनामत आणि दरमहाच्या खरेदीची अट माझ्यासारख्याला झेपत नाही. शिवाय रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुढे विकणे हा गुन्हा नव्हे. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 30 मध्ये तशी तरतूद आहे. माझे वडील मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून असाच माल आणत. या व्यापाऱ्याकडून आधी मागवलेले पाच बंडल अस्सल निघाले होते आणि दर वितरकापेक्षा आठच टक्के कमी होता. त्यामुळे ‘हाव नडली’ असे जे म्हणतात, ते मला मान्य नाही.

दीडचे (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तारेचे) 40 बंडल 1,400 रुपयांनी आणि अडीचचे 25 बंडल 2,240 रुपयांनी, असे 1,12,000 रुपये, त्यावर जीएसटी 20,160 आणि वाहतूक 1,200. मालाचे सगळे पैसे एनईएफटीने आगाऊ भरले. असे आगाऊ पैसे कधीही भरू नका.

माल उतरला तेव्हा बिल माझ्या हातात होते, आणि तो क्षण आठवला की आजही जीव जळतो. जीएसटी क्रमांक 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा. आणि कर लावला होता राज्यांतर्गत विक्रीचा: सीजीएसटी 10,080 व एसजीएसटी 10,080. परराज्यातून माल आला तर आयजीएसटी लागतो, हे दर महिन्याला खरेदीची बिले तपासणाऱ्या मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माल वाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिलही सोबत नव्हते. मी ते 24 पाहिले, ‘त्यांची शाखा असेल’ असे स्वतःलाच सांगितले आणि गिऱ्हाईक उभे होते म्हणून बिल फाइलला लावले. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकायला एक मिनिट लागले असते; नंतर टाकला, तेव्हा नोंदणी रद्द झालेल्या भलत्याच फर्मचे नाव आले.

अकरा बंडल विकल्यावर एका बंगल्याच्या कामावरून वायरमनने बोलावून घेतले. त्याने तार माझ्यासमोर चाकूने खरवडली. तांब्याचा रंग निघाला आणि आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले. अडीचच्या 90 मीटर बंडलमध्ये नुसते तांबेच साधारण दोन किलो असते. दुकानात येऊन वजन केले, तर वेष्टनासह अख्खा बंडल 1 किलो 700 ग्रॅम भरला. माल उतरतानाच वजन करा. गिऱ्हाइकांचे पैसे परत केलेच, वर वायर उपसून पुन्हा घालण्याची मजुरी 14,500 रुपयेही मीच दिली, कारण भिंतीत ती वायर ठेवून मला झोप लागली नसती.

कंपनीने सांगितले की माल अधिकृत वितरकाकडून घेतलेला नाही, त्यामुळे तिची जबाबदारी नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर कळले की पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरत नाही. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून दोन तास बसवून ठेवले, मग ‘मुंबईला जा’ म्हणाले; मुंबईत ‘पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडेच तक्रार द्या’ असे ऐकवले. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेता येतो, असे मी नम्रपणे म्हटले, तर अधिकाऱ्याने ट्रेड मार्क्स कायद्याचे कलम 104 काढले: खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद, आणि माल तर तुम्हीच विकला आहे. ज्याने लुटले त्याचा फोन नंबर, खाते क्रमांक, बिल सगळे टेबलावर असताना धमकी मला! त्या कलमात, आपण सर्व खबरदारी घेतली होती आणि माल खोटा असल्याची शंका येण्याचे कारण नव्हते, हे सिद्ध करणाऱ्याला सूट आहे. म्हणून बिल, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संदेश यांतले काहीही पुसू नका. मात्र ते 24 पाहूनही गप्प बसलेल्या मला ही सूट मिळेल की नाही, हे वकीलही छातीठोकपणे सांगत नाहीत.

उरलेले 54 बंडल पुरावा म्हणून मागच्या खोलीत कुलपात ठेवले आहेत. पंचनाम्याला अजून कोणीही आलेले नाही.